पॅलेडियम परत येईपर्यंत थांबायचं

कॅटॅलिस्टच्या, म्हणजे स्वतः न खपता रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या, पुनर्वापरावरचा जवळपास प्रत्येक शोधनिबंध एका बार चार्टपाशी येऊन थांबतो. यील्ड, म्हणजे हाती आलेलं प्रॉडक्ट, पहिल्या फेरीत ९७ टक्के, दुसरी ९६, तिसरी ९६, पाचवी ९४. आमच्या वहीतही सुरुवातीला असाच देखणा तक्ता होता आणि प्लँटची मंडळी तो पाहून खूश होती. मला मात्र तो खटकत होता, कारण रिॲक्शन आम्ही रात्रभर चालवत होतो. ताजा कॅटॅलिस्ट जे काम दीड-दोन तासांत उरकतो, त्याला अर्धमेल्या कॅटॅलिस्टने आठ तास घेतले, तरी सकाळी दोघांचे आकडे सारखेच दिसणार. शंभर टक्क्यांच्या पुढे कोण जाणार? यील्डचा तक्ता कॅटॅलिस्ट जिवंत आहे एवढंच सांगतो, त्याची तब्येत सांगत नाही.

काम होतं ओटीबीएनचं. लोसार्टन, व्हॅल्सार्टन ही रक्तदाबाची औषधं ज्या बायफेनिल सांगाड्यावर उभी आहेत, तो सांगाडा म्हणजे हे ओटीबीएन. मँगनीज क्लोराइड टाकून ग्रिनयार्डने (मॅग्नेशियमवाल्या रिएजंटने) ते करण्याची पद्धत उद्योगात चांगली रुळलेली आहे. आम्हाला ते सुझुकी कपलिंगने, म्हणजे २-ब्रोमोबेंझोनायट्राइल आणि पॅरा-टोलाइल बोरॉनिक ॲसिड जोडून करून बघायचं होतं. सुझुकी आणि मियाउरा यांनी ही रिॲक्शन १९७९ साली मांडली आणि २०१० मध्ये हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना पॅलेडियम कपलिंगसाठी नोबेल मिळालं, एवढा इतिहास पुरे. आमच्याकडे सॉल्व्हंट निम्मं इथेनॉल, निम्मं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी). बेस पोटॅशियम कार्बोनेट. तापमान पंचाहत्तरच्या आसपास. कॅटॅलिस्ट ५ टक्के पॅलेडियम ऑन कार्बन, म्हणजे कार्बनच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम धातू, ५० टक्के ओला. लिगँड, म्हणजे पॅलेडियमला द्रावणात सांभाळणारा फॉस्फीनसारखा रेणू, नाही. फॉस्फीन टाळायचं म्हणूनच तर हा खटाटोप होता. फॉस्फीन महाग, हवेत टिकत नाही आणि नंतर प्रॉडक्टमधून काढता काढता नाकी नऊ येतात.

हिशेब एका मोलचा सांगते. ब्रोमाइड, म्हणजे २-ब्रोमोबेंझोनायट्राइल, १८२ ग्रॅम. पॅलेडियम ०.२ मोल टक्के (ब्रोमाइडच्या हजार रेणूंमागे दोन अणू) धरलं तर धातू साधारण ०.२१ ग्रॅम, म्हणजे ओला कॅटॅलिस्ट साडेआठ ग्रॅम. प्रॉडक्ट पूर्ण निघालं तर १९३ ग्रॅम. आता या धातूतला फक्त एक टक्का जरी कार्बन सोडून प्रॉडक्टमध्ये गेला, तरी तिथे ११ पीपीएम (दहा लाखांत ११ भाग) पॅलेडियम भरतं. आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू३डी मार्गदर्शिकेत तोंडी औषधासाठी दिवसाला १०० मायक्रोग्रॅम पॅलेडियमची मर्यादा आहे. रोजचा डोस १० ग्रॅमपर्यंत धरला की ती १० पीपीएम होते. सार्टनचे डोस मिलिग्रॅममध्ये असल्यामुळे कागदावर आम्हाला भरपूर मोकळीक होती, पण खरेदीदार सरसकट १० पीपीएमच लिहून पाठवतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शिवाय मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमचा भाव औंसाला ३,००० डॉलरच्या वर गेलेला आमच्या साहेबांनी पाहिला होता. कॅटॅलिस्ट परत वापरायचा, हा हट्ट तिथून आला होता.

म्हणून मी रात्रभराचा आकडा बाजूला ठेवला आणि पंधराव्या मिनिटाला सॅम्पल काढायला लागले. चित्र लगेच उघडं पडलं. ताज्या कॅटॅलिस्टवर पंधरा मिनिटांत निम्म्याहून जास्त ब्रोमाइड संपत होतं. दुसऱ्या फेरीत बरीच घट आणि चौथ्या-पाचव्या फेरीत जेमतेम पाचवा हिस्सा. रात्रभराचं यील्ड तोवर नव्वदच्या वरच होतं.

कॅटॅलिस्ट मरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे शोधायला पहिली परीक्षा गरम गाळणीची. रिॲक्शन निम्मी झालेली असताना नायट्रोजनखाली, तापमान जराही न पडू देता, बारीक फिल्टरमधून थोडा भाग दुसऱ्या फ्लास्कमध्ये घ्यायचा आणि कार्बनशिवाय तो पुढे चालतो का ते बघायचं. आमचा चालला, आणि मजेत चालला. याचा अर्थ काम करणारं पॅलेडियम त्या घटकेला कार्बनवर नव्हतंच, द्रावणात होतं. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून नॅनोकण सहज निसटतात, त्यामुळे ते सुटे अणू होते की बारीक झुबके, हे या परीक्षेने ठरत नाही. आमच्याकडच्या एका पीएचडी झालेल्या मुलाने, पारा धातूच्या कणांना धरून बंद पाडतो, म्हणून पारा टाकून बघू म्हटलं. औषधाच्या प्रयोगशाळेत पाऱ्याची बाटली उघडायला मी साफ नकार दिला. आणि पॅलेडियम आत-बाहेर करत असेल तर पारा त्याला दोन्हीकडे धरणार, मग उत्तर तरी काय मिळणार?

त्यापेक्षा दर काही मिनिटांनी गाळलेलं सॅम्पल आयसीपीला, म्हणजे द्रावणातला धातू मोजणाऱ्या यंत्राला, पाठवणं उपयोगी ठरलं. थंड असताना द्रावणात पॅलेडियम जवळपास शून्य. तापमान चढलं, ब्रोमाइड खपायला लागलं की आकडा झपाट्याने वर. रिॲक्शन भरात असताना सगळ्यात जास्त. आणि ब्रोमाइड संपत आलं की आकडा आपोआप खाली. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत क्लाउस क्योलर यांच्या गटाने हेक रिॲक्शनमध्ये (पॅलेडियमच्याच दुसऱ्या एका कपलिंगमध्ये) पॅलेडियम ऑन कार्बनची हीच चाल दाखवलेली आहे, म्हणून आश्चर्य वाटलं नाही. पण छापलेला आलेख वाचणं वेगळं आणि आपल्याच फ्लास्कमधला आकडा चढता-उतरता बघणं वेगळं.

कारण असं की एरिल ब्रोमाइड पॅलेडियमच्या अणूला धरतो आणि कार्बनवरून खेचून द्रावणात आणतो. तिथे कपलिंग होतं, अणू पुन्हा शून्य स्थितीला, म्हणजे बिनभाराच्या धातूच्या रूपाला, येतो आणि लगेच दुसरा ब्रोमाइड त्याला धरतो. धरणारं कुणी उरलं नाही की तो कार्बनवर जाऊन बसतो, नाहीतर शेजाऱ्यांना चिकटून काळा पॅलेडियम होतो. ऊसतोडीला गेलेल्या बिऱ्हाडांसारखं आहे हे: कारखान्याचा पट्टा पडला की माघारी फिरतात, पण शेवटचं शिवार उभं असेपर्यंत नाही.

हे लक्षात आल्यावर प्लँटची पद्धत नव्या नजरेने पाहिली. तिथे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ब्रोमाइड दोन टक्क्यांखाली आलं की रिॲक्शन झाली असं मानून मास, म्हणजे रिॲक्शनचं मिश्रण, सरळ गाळायला घ्यायचे. यील्डच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नाही. पण त्या उरलेल्या दीड-दोन टक्के ब्रोमाइडकडे बघा. १८२ ग्रॅमचे दोन टक्के म्हणजे ०.०२ मोल; आणि आपलं सगळं पॅलेडियम ०.००२ मोल. धरून ठेवणारे अजून दहापट शिल्लक आणि आपण फिल्टर लावतोय. धातू थेट मदर लिकरमध्ये, म्हणजे गाळून उतरलेल्या द्रवात, जाणार, दुसरं काय होणार?

शिफ्ट इन्चार्जना, ज्यांना सगळे काका म्हणतात, मी सांगितलं की ब्रोमाइड ०.१ च्या खाली येईपर्यंत थांबायचं आणि त्यानंतरही तासभर नायट्रोजनखाली तसंच गरम ढवळायचं. ते म्हणाले, "मॅडम, पॉइंट एकसाठी दोन तास स्टीम जाळायची?" मी म्हटलं, "काका, स्टीमचं बिल आणि आयसीपीचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघू." पुढच्या बॅचला फिल्ट्रेटमधलं पॅलेडियम दोन आकडी पीपीएमवरून एक आकडीवर आलं. शेवटच्या तासात चिमूटभर सोडियम फॉर्मेट टाकलं की आणखी खाली जातं, कारण द्रावणात रेंगाळलेलं पॅलेडियम क्षपण (रिडक्शन) होऊन खाली बसतं. काकांनी नंतर स्टीमचा विषय काढला नाही.

थांबायचं, पण थंड करायचं नाही. इथे आमच्या रेणूचीच अडचण होती. ओटीबीएन साधारण पन्नास अंशाला वितळतं. मास थंड केला की पाणी-इथेनॉलमधून ते तेलासारखं वेगळं होतं आणि पहिल्यांदा जाऊन बसतं ते कार्बनच्या छिद्रांत. मग तो कार्बन हाताला तुळतुळीत लागतो आणि पुढच्या फेरीत नुसता तरंगतो. म्हणजे पॅलेडियम परत बसेपर्यंत थांबायचं आणि प्रॉडक्ट वेगळं व्हायच्या आत गाळायचं, हे दोन्ही एकदमच. जॅकेटवाला फिल्टर, खाली गरम पाणी, वर नायट्रोजनचा दाब. हायफ्लोचा, म्हणजे गाळणीला मदत करणाऱ्या पावडरीचा, थर अजिबात नाही. हायफ्लो लावलं की गाळण झटपट होते हे खरं, पण कॅटॅलिस्ट त्यात कायमचा मिसळतो आणि पुनर्वापराची गोष्ट तिथेच संपते. त्याऐवजी बारीक विणीचं फिल्टर क्लॉथ घेतलं, सुरुवातीचं काळपट फिल्ट्रेट पुन्हा वर ओतलं आणि जरा धीर धरला.

बोरॉनिक ॲसिडचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. आहे, आणि जवळचा आहे. बोरॉनिक ॲसिड साठवणीत पाणी सोडून बोरॉक्सिन होतं, त्यामुळे डब्यागणिक त्याचा खरा ॲसे (शुद्ध अंश) बदलतो. त्यात फ्लास्कमध्ये ऑक्सिजन राहिला तर दोन बोरॉनिक ॲसिड आपापसांतच जुळतात. आमच्याकडे एचपीएलसीवर ४,४'-डायमिथिलबायफेनिलचा (त्या जोडीचा) पीक वाढलेला दिसला की नायट्रोजन नीट दिलेला नाही हे मी न विचारता सांगू शकायचे. थोडं बोरॉनिक ॲसिड बोरॉन गमावून साधं टोल्यूइनही होतं. असं तिन्ही बाजूंनी ते कमी पडलं, की शेवटी ब्रोमाइड शिल्लक राहतं. आणि ब्रोमाइड शिल्लक राहिलं की पॅलेडियम घरी येत नाही. म्हणून आम्ही बोरॉनिक ॲसिड १.१५ इक्विव्हॅलंट (मोलच्या हिशेबात ब्रोमाइडच्या १.१५ पट) घ्यायला लागलो, तेही लेबलवर नाही, आपण काढलेल्या ॲसेवर. कॅटॅलिस्टवर ओतण्याआधी सॉल्व्हंटमधून अर्धा तास नायट्रोजन सोडायचा. ऑक्सिजन स्वतः पॅलेडियमचंही ऑक्सिडेशन करतो, ते वेगळंच.

मग मीठ. दर फेरीला पोटॅशियम ब्रोमाइड आणि बोरेट तयार होतं. इथेनॉलचं प्रमाण जास्त असेल किंवा मास थोडा निवला, तर ते कार्बनवरच सुटतं. घट मोजताना सगळ्यात स्वस्तात हाती लागलेला विजय हाच. धुण्याचा क्रम बदलला: आधी गरम इथेनॉल-पाणी, म्हणजे तेलकट भाग जातो, मग नुसतं गरम इथेनॉल, आणि शेवटी गरम डीएम वॉटर, पीएच सातला येईपर्यंत आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर गढूळपणा येईनासा होईपर्यंत. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी पाण्याने धुतलं तर ओटीबीएन छिद्रांतच अडकून बसतं. एवढ्या धुण्याने दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा पंधरा मिनिटांचा आकडा ताज्याच्या जवळ येऊन टेकला.

धुऊन झाल्यावर एक गोष्ट, जी मी नव्या मुलांना पहिल्या दिवशीच सांगते. वापरलेला पॅलेडियम कार्बन सकशनवर कोरडा होऊ द्यायचा नाही. कोरडा कॅटॅलिस्ट, अल्कोहोलची वाफ आणि हवा हे तिन्ही एकत्र आले की कागदावर लाल ठिणगी दिसते आणि पुढच्या क्षणी फनेल पेटतं. हायड्रोजनेशननंतरचा कॅटॅलिस्ट यात जास्त बदनाम आहे, पण कपलिंगचाही भोळा समजू नये. शेवटचं धुणं पाण्याचं ठेवण्याचं अर्धं कारण हेच. पाण्याखालीच साठवायचा आणि ओलाच चार्ज करायचा, रिकाम्या रिॲक्टरमध्ये नायट्रोजन भरून आधी कॅटॅलिस्ट, मग पाणी, मग इथेनॉल. ओलेपणाने कॅटॅलिस्टची धारही टिकते. क्योलर यांच्या कामातही वाळवलेल्यापेक्षा ओला, पूर्ण क्षपण न केलेला आणि पॅलेडियम बारीक विखुरलेला कॅटॅलिस्ट जास्त चपळ निघाला आहे.

हे सगळं बसल्यावर एके दिवशी ब्रोमाइडचा नवा लॉट आला आणि पहिल्याच फेरीत, ताज्या कॅटॅलिस्टवर, पंधरा मिनिटांचा आकडा कोसळला. एचपीएलसीवर प्युरिटी ९९ च्या वर, सर्टिफिकेट निर्मळ. नायट्राइल करण्याचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे अमाइडमधून थायोनिल क्लोराइडने पाणी काढणं. तो मार्ग आठवला आणि सॅम्पल गंधकासाठी पाठवलं. होतं. एचपीएलसीला न दिसणारं, वासालाही न येणारं, पण पॅलेडियमला पुरेसं. गंधक पॅलेडियमवर इतकं घट्ट बसतं की इथेनॉलने, पाण्याने, कशानेच हलत नाही. त्यावर आम्ही जो उपाय केला तो या साऱ्या प्रकरणातला माझा सर्वांत लाडका आहे: रिटायर झालेला, कपलिंगच्या कामाचा न उरलेला कॅटॅलिस्ट ब्रोमाइडच्या इथेनॉल द्रावणात टाकून कोमट ढवळायचा आणि गाळून घ्यायचा. त्याची उरलीसुरली जागा गंधक शोषायला भरपूर होते. अर्थात इथे बेस नाही, तापमान कमी, म्हणून पॅलेडियम फारसं सुटत नाही. तेही एकदा आयसीपीवर पाहून घेतलं.

इतकं करूनही कॅटॅलिस्ट म्हातारा होतोच. एका शैक्षणिक संस्थेत टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो) काढून घेतला. ताज्या कार्बनवर दोन-तीन नॅनोमीटरचे ठिपके सगळीकडे सारखे शिंपडलेले. वापरलेल्यावर ठिपके कमी आणि मोठे, काही दहाच्या वर. पॅलेडियम परततं, पण सोडलेल्या जागी परतत नाही. आधीच मोठ्या असलेल्या कणावर बसतं आणि तो कण आणखी मोठा होतो. कुठल्याही धुण्याने हे उलटत नाही. अल्युमिनावर असता तर साचलेला सेंद्रिय गाळ हवेत बेताने जाळून टाकता येतो. कार्बन असा जाळायला गेलं तर आधारच पेटतो. अल्युमिना आणि सिलिका आम्ही करून पाहिलं, पण गरम अल्कलीत सिलिका हळूहळू विरघळते, आणि थायोल (गंधकाचे गट) लावलेल्या सिलिकेने पॅलेडियम धरून ठेवलं ते इतकं की रिॲक्शनच रेंगाळली. तिचा उपयोग शेवटी फिल्ट्रेटमधलं उरलेलं पॅलेडियम टिपायला झाला, आणि तिथे ती उत्तम आहे.

कुणीतरी कॉलममध्ये कॅटॅलिस्ट भरून फ्लोमध्ये, म्हणजे त्यातून द्रावण सतत वाहतं ठेवून, चालवायचं सुचवलं. वरून ब्रोमाइड येत राहणार, वरचं पॅलेडियम सुटून खाली बसणार, पुन्हा सुटून आणखी खाली. काही दिवसांत सगळा धातू कॉलमच्या बुडाला आणि तिथून बाहेर. ज्या कॅटॅलिस्टचं कामच सुटून होतं, त्याला कॉलममध्ये बांधून ठेवणं मला पटलं नाही, आणि करायला परवानगीही मिळाली नाही.

खरा फरक पडला तो पॅलेडियम कमी केल्यावर. ऐकायला उफराटं वाटतं. पण कपलिंगचा वेग पॅलेडियमच्या प्रमाणात वाढतो, तर गुठळ्या होण्याचा वेग त्याहून चढ्या दराने. योहानेस दे फ्रीस आणि नेदरलंड्सच्या डीएसएम कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी यालाच गमतीने होमिओपॅथिक पॅलेडियम म्हटलं, ०.०१ ते ०.१ मोल टक्के. आम्ही ०.२ वरून ०.१ वर आलो तेव्हा वेळ दुप्पट होईल असा अंदाज होता. तेवढा झाला नाही, आणि टीईएममधले मोठे ठिपके लक्षात येण्याइतके घटले. साहेबांना हे पचायला वेळ लागला, कारण कॅटॅलिस्ट थकला की जास्त टाका, ही प्लँटमधली जुनी सवय आहे. माझं मत आजही असं आहे की धातूचा भाव उतरलेला असेल तेव्हा अगदी कमी पॅलेडियम एकदाच वापरून थायोल सिलिकेने टिपून घेणं, हे पाच फेऱ्यांच्या पुनर्वापरापेक्षा सरळ पडतं. भाव चढला की हिशेब फिरतो. दोन्ही पद्धती लिहून ठेवल्या आहेत.

सध्या प्लँटमध्ये चालते ती पद्धत मधली आहे. दर बॅचला कॅटॅलिस्टचा दहावा भाग काढून तेवढाच ताजा घालायचा. काढलेला भाग गंधक टिपायच्या कामाला जातो आणि तिथून स्पेंटच्या (वापरून संपलेल्या कॅटॅलिस्टच्या) ड्रममध्ये, पाण्याखाली. पंधरा मिनिटांचं सॅम्पल बॅच कार्डावर छापून घेतलंय. ते ताज्याच्या निम्म्याखाली गेलं की सगळा लॉट रिटायर, मग यील्ड कितीही चांगलं असो. ड्रम भरला की रिफायनरकडे जातो. तो कार्बन जाळून राख एकजीव करतो, दोन्ही बाजूंनी सॅम्पल काढतात आणि ॲसे जुळला की धातूचे पैसे जमा होतात. पहिल्या खेपेला आमचा आणि त्यांचा आकडा जुळला नाही. जे कमी पडलं त्यातलं बरंच फिल्टर क्लॉथमध्ये सापडलं, आणि काका आता जुनी क्लॉथही त्याच ड्रममध्ये टाकतात. पुढची मागणी आली आहे ब्रोमाइडऐवजी स्वस्त २-क्लोरोबेंझोनायट्राइलने हेच करून दाखवण्याची. क्लोराइडला कार्बनवरच्या पॅलेडियमचा अणू खेचायला फारच जड जातं. पंचाहत्तर अंशाला पंधराव्या मिनिटाचा आकडा अजून शून्याच्या जवळपास आहे.